पाठ करून बसलेली बाई

१

पुलाखालची म्हातारी बदलली होती, आणि अख्ख्या शहरात ही गोष्ट एकाच माणसाच्या लक्षात आली होती. तो माणूस कमरेचं हाड मोडून पालिकेच्या इस्पितळात पडून होता.

मी पालिकेच्या चौकशी कक्षात काम करते. माझ्या माघारी मला सगळे 'खुसपट' म्हणतात. तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि लगेच काहीतरी काम आठवून निघून जातात. मागे एकदा हाडांच्या वॉर्डातली लिफ्ट महिनोन्‌महिने बंद का, याची चौकशी करून मी ती चालू करून दाखवली होती. तेव्हापासून तिथल्या सिस्टरचा माझ्यावर भलताच विश्वास बसला होता. त्यामुळे फोन मलाच आला.

"मॅडम, तुम्हीच समजवा ह्यांना," मी वॉर्डात पाऊल टाकताच सिस्टर म्हणाल्या. "परवापासून अन्नाला शिवले नाहीत. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नाहीत. म्हणतात, बायको हरवली. आणि बायको तर बघा, ती काय तिथे बसलीय."

खिडकीतून पूल स्पष्ट दिसत होता. खांबाच्या आडोशाला पुठ्ठा, त्यावर गोधडी, शेजारी भांडं, आणि करड्या कोटातली एक म्हातारी. आपल्याकडे पाठ करून बसलेली.

"ती आमची नव्हे," पलंगावरचे आजोबा म्हणाले.

"इतक्या लांबून कसं कळतं?"

"आमची ही माझ्याकडे पाठ करून बसायची नाही."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझं डोकं तिथेच तापलं. इस्पितळाच्या फाटकावरचा पहारेकरी आजीला आत सोडत नसे. कपडे ठीक नाहीत, म्हणे. म्हणून ती खालून खिडकीकडे तोंड करून बसायची. दिवेलागणीला हात वर करायची, मग हे करायचे. कंबर मोडून इथे आल्यापासून नवराबायकोची भेट ती एवढीच.

"रुसली असेल हो आजोबा," सिस्टर म्हणाल्या.

"रुसली तर शिव्या द्यायला तरी वर बघेल ना?"

सिस्टर येताजाता आजीशी दोन शब्द बोलत, म्हणून त्यांना घेऊनच मी खाली गेले. रस्ता ओलांडून पुलाखाली पोचलो. पावलांचा आवाज ऐकून त्या बाईने मान वर केली, आणि सिस्टरने माझा दंड घट्ट धरला.

"अगंबाई! ही खरंच ती नाही."

२

नव्या बाईला मी मावशी म्हणते, कारण तिने नाव सांगितलं नाही. तिने काहीच सांगितलं नाही.

"मावशी, कधी आलात इथे?"

"परवाच."

"कुठून?"

तिने गोधडीची कड मुठीत धरली.

"ही गोधडी कुणाची?"

"इथेच होती."

मी उकिडवी बसून सामान पाहिलं. भांडं होतं, कंगवा होता, दोऱ्यात ओवलेली सुई होती. एका डब्यात रुमालात गुंडाळलेला पुरुषाचा चष्मा होता. चष्म्याची काडी दोऱ्याने गुंडाळून नीट बांधलेली. एकही वस्तू गेलेली दिसत नव्हती. चोराने काही नेलं नव्हतं, आणि आपणहून जाणारी बाई नवऱ्याचा चष्मा मागे ठेवून जात नाही.

एवढ्यात इस्पितळाच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला आणि माझे डोळे धुळीने भरले. मी चरफडत तोंड फिरवलं. तेव्हा ध्यानात आलं की त्या बाजूला तोंड करून कुणीच बसलेलं नव्हतं. पुलाखाली रांगेने बसलेली सगळी माणसं वाऱ्याकडे पाठ करून होती. कडाक्याच्या थंडीत दुसरं कोण काय करणार? वारा तोंडावर घेत बसायला त्या खिडकीत आपलं माणूस असावं लागतं.

"मॅडम," मावशी अचानक म्हणाली, "भोंगा झाला का?"

"कसला भोंगा?"

तिने गोधडी तोंडावर ओढली.

पलीकडे दाढीवाला होता, त्याच्यापुढे एक जोडपं. दोघांनाही तेच विचारलं. दोन्हीकडून तेच उत्तर, 'परवाच आलो.' आमच्या शहरातला तो पूल वर्षानुवर्षं कधी रिकामा नव्हता, आणि इथे एकही जुना माणूस भेटेना.

सिस्टर रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"मॅडम, इथे पायाला मोठी जखम असलेला माणूस बसायचा. मी येताजाता त्याची पट्टी बदलायचे."

त्या जागेवर, त्याच्याच पोत्यावर, एक माणूस आरामात पाय पसरून बसला होता. त्याचे दोन्ही पाय ठणठणीत होते.

३

बेघरांचा विषय उपायुक्त साहेबांकडे. त्यांच्या दालनात भिंतीवर एका इमारतीचं मोठं रंगीत चित्र होतं. पाण्याच्या टाकीमागे ती इमारत बांधून, रंगवून तयार होती. दारांना कुलपं, खिडक्यांना नवेकोरे पडदे.

"या या, बसा. कॉफी?" साहेब कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं अवघड जातं.

मी पुलाखालचा प्रकार सांगितला. ते हसले.

"माणसं कमी झाली आहेत का?"

"नाही. तेवढीच आहेत. पण ती नाहीत."

"हे जरा तत्त्वज्ञान झालं, मॅडम."

मग त्यांनी मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. पालिकेने ठराव केला होता की सलग पाच वर्षं ह्याच शहराच्या रस्त्यावर काढलेल्या माणसाला त्या इमारतीत पक्की खोली द्यायची. त्यासाठी परवा गणती झाली. गणतीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, इथे किती दिवस राहता? सगळ्यांचं उत्तर आलं, आजच आलो, आत्ताच आलो. खोलीला पात्र असा माणूस शहरात एकही सापडला नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही. आणि मागच्या खेपेसारखी ओरड व्हायलाही जागा नाही. तेव्हा पेपरवाले म्हणाले, पालिकेने बेघरांना हाकलून आकडा पाडला. या वेळी आकडा तेवढाच आहे. उद्या दुपारी अहवाल सभेपुढे जाईल, आणि इमारत दुसऱ्या चांगल्या कामाला घेता येईल."

"पण ती आजी वर्षानुवर्षं तिथे राहत होती."

"पुरावा?"

"तिचा नवरा सांगतो."

"नवरा इस्पितळात आहे ना? म्हणजे सध्या तो रस्त्यावर नाही. त्याचं सलग राहणं तिथेच तुटलं."

मोडलेल्या कमरेचा माणूस पलंगावर झोपला म्हणून बेघर राहिला नाही! मी कॉफीचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

"मॅडम, भावनेत जाऊ नका," साहेब म्हणाले. "मलाही कळवळा आहे. पण नदीपलीकडच्या लोकांचं ओझं आपल्या शहराने का वाहायचं? एकाला खोली दिली की शंभर येतील. तुमची ही चौकशी उद्या सभेच्या आत मिटवा, नाहीतर मीच मिटवतो."

मी जिने उतरत होते तोवर सिस्टरचा फोन आला. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन आणखी लांबलं तर आजोबा पुन्हा चालणार नाहीत. आणि आजोबा म्हणत होते, ती परत आली आणि खिडकीत मी दिसलो नाही तर काय करेल? ती सापडल्याशिवाय अंगठा देत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अतिक्रमण विभागाच्या आवारात पोचले. पालिकेच्या पिवळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. इथल्या निरीक्षकांना सगळे 'उचला' म्हणतात, कारण रस्त्यावर ते तेवढा एकच शब्द बोलतात. हातगाडी दिसली की उचला, छत्री दिसली की उचला. माणूस मनाने वाईट नसावा, पण मनापर्यंत जायची वेळ त्याने कुणावर येऊ दिली नव्हती.

"तेरवा, गणतीच्या दिवशी, गाडी पुलाकडे गेली होती?"

"छे! तेरवा गाडी बाहेरच पडली नाही." त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले.

"मग एवढी धुऊन का ठेवलीय?"

"स्वच्छता नको का ठेवायला?"

शेजारच्या गाड्यांवर चिखलाचे थर होते. ही एकच लखलखत होती. मी मागच्या फळ्यांवर चढले. उचला साहेब 'अहो मॅडम, पडाल' करत राहिले. पाण्याचा फवारा वरून फिरला होता, पण फटींत पोचला नव्हता. दोन फळ्यांच्या मधे काहीतरी अडकलं होतं. ते मी ओढून काढलं.

पायाला बांधायची पट्टी होती ती. मळलेली, आतल्या बाजूला औषधाचा पिवळा डाग असलेली.

"कुणा मजुराला लागलं असेल," ते म्हणाले. आणि पट्टी घ्यायला हात पुढे केला.

"इस्पितळाच्या पट्टीवर त्यांचा शिक्का असतो साहेब. हा बघा. आणि इस्पितळाची पट्टी बांधलेला पुलाखालचा माणूस बेपत्ता आहे. कुठे नेलंत सगळ्यांना?"

त्यावर मात्र त्यांना एकदम जोर चढला.

"नेलं म्हणता, तर तिथे बसलेत ते कोण? जा, मोजा! म्हातारी हवी, म्हातारी आहे. जोडपं हवं, जोडपं आहे. एक माणूस कमी निघाला तर मी नोकरी सोडतो. गेलंच नाही कुणी, तर मी नेलं कुणाला?"

मी पट्टी रुमालात गुंडाळली आणि फळ्यांवरून खाली उतरले. बेपत्ता माणसांची चौकशी करत होते मी, आणि हिशेबात कुणी कमीच नव्हतं.

५

पुलासमोर गाद्यांचं दुकान आहे. मोठ्या काचेमागे दिवसरात्र पलंग मांडलेले असतात, आणि त्यांवर कधीच कुणी झोपत नाही. दुकानाचा मालक, गादीवाला, आमच्या कार्यालयात प्रसिद्ध आहे. पुलाखालच्या लोकांविरुद्ध त्याची तक्रार आली नाही असा आठवडा जात नाही. माणसं गायब व्हावीत असं मनापासून वाटणारा उघड उघड तोच होता, म्हणून मी त्याला धारेवर धरायच्या तयारीनेच गेले.

पण तोच माझ्यावर धावून आला.

"तुम्ही पालिकेच्या ना? चेष्टा लावलीय का आमची? तेरवा दुपारी तुमची गाडी आली, सगळ्यांना भरून घेऊन गेली. म्हटलं, सुटलो एकदाचा! दुकानाचं शटर ओढतोय तोवर परत आणून सोडले!"

"परत आणले?"

"ह्या डोळ्यांनी पाहिलं. तीच म्हातारी, तीच दाढी, तेच जोडपं. गाडीतून उतरले आणि आपापल्या जागेवर जाऊन बसले."

"तीच माणसं होती, नक्की?"

"आता तोंडं कोण बघत बसतं त्यांची?" गादीवाला म्हणाला. "पण गाडी तुमचीच. निळी, मोठी."

मी दोनदा विचारलं. निळीच. नेणारी गाडी कुठल्या रंगाची होती ते त्याला आठवेना, तेव्हा तो आनंदात होता. आणणारी मात्र निळी, कारण तिच्यामागे तो शिव्या देत धावला होता.

मी दुकानाबाहेर येऊन उभी राहिले. समोर मावशी पुन्हा मान वर करून कसला तरी कानोसा घेत होती.

"काय हो, भोंगा कुठे वाजतो?" मी गाडीपाशी थांबलेल्या आमच्या ड्रायव्हरला विचारलं.

"भोंगा? नदीपलीकडे, सूतगिरणीत. माझी सासुरवाडीच तिकडची. काय सांगू मॅडम, जावई म्हणून हौसेने जावं तर पहाटे तो बोंबलतो, दुपारी बोंबलतो. चार घास सुखाने खाऊ देत नाही."

"त्या शहराच्या पालिकेच्या गाड्या कुठल्या रंगाच्या?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात नकळत किल्लीकडे गेला.

"निळ्या," तो म्हणाला.

"घ्या मग गाडी नदीपलीकडे. आणि सासुरवाडीला उतरू नका."

६

सूतगिरणीच्या लांबलचक भिंतीला टेकून माणसं बसली होती. दाढीवाला होता, जोडपं होतं, आणि उघड्या जखमेवर फडकं धरून एक माणूस होता. सगळे भिंतीच्या उबेला. एकच म्हातारी भिंत सोडून, रस्त्याच्या कडेला, नदीकडे तोंड करून बसली होती. तिकडून येणारं वारं नुसतं कापत होतं.

मला तिची ओळख विचारावी लागली नाही.

"आजी, मी इस्पितळातून येतेय."

"जेवले का ते?" हे तिचं पहिलं वाक्य.

"नाही. ऑपरेशनही करून घेत नाहीत."

"हट्टी मेले. मग बसता काय? चला!" ती उठायला गेली आणि परत खाली बसली. पावलं सुजून टम्म झाली होती. दोनदा चालत निघाली होती ती. पण नदीवरच्या मोठ्या पुलावर पायी माणसाला सोडत नाहीत, नुसती वाहनं. पहारेकऱ्याने दोन्ही वेळा परत पाठवलं होतं.

ड्रायव्हरने तिला उचलूनच गाडीत ठेवलं. येताना तिने सांगितलं.

"गाडीवाले साहेब आले, म्हणाले, खोली मिळाली तुम्हाला. गाडीत बसा. मी म्हटलं, सामान? तर म्हणाले, काही घेऊ नका, खोलीत सगळं आहे. पलंग आहे, पांघरूण आहे." तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "मी वर हात करून ह्यांना खूण केली, की येते बघून. दिसली नसेल. दुपारचे झोपतात ते."

"आणि इथे?"

"इथे उतरवलं नि गाडी गेली. इथेपण कुणाची तरी चूल मांडलेली होती, कुणाची तरी चादर होती. संध्याकाळी कागद घेऊन गणतीची पोरं आली, विचारलं, किती दिवस राहता? मी म्हटलं, आत्ताच आले. खोटं कशाला बोलू?"

मी खिडकीची काच खाली केली. मला मोकळी हवा हवी होती. खोली मिळाली, असं सांगून त्यांनी तिला फसवलं होतं. एवढा राग मला नोकरीत कधी आला नव्हता.

सभेला अजून अवकाश होता. मी उपायुक्त साहेबांना फोन लावला आणि आवाज शक्य तितका गोड केला. "साहेब, पुलाखालचा घोळ मिटलाय. जाग्यावर येऊन एकदा नजर टाका. उचला साहेबांनाही आणा."

७

मी आजीला आणि मावशीला खांबापाशी शेजारी शेजारी बसवलं. दोघींच्या अंगावर जुने कोट, डोक्याला रुमाल. गादीवाला गंमत बघायला रस्ता ओलांडून आला होता. साहेब गाडीतून उतरले, मागून उचला.

"साहेब, साधी गोष्ट आहे," मी उचलांना म्हटलं. "तुमचा रोजचा रस्ता हा. ह्या दोघींतली इथे वर्षानुवर्षं राहणारी कोण, तेवढं दाखवा."

त्यांनी दोघींकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेवटी, गोधडीवर बसलेली जुनी असणार, असा विचार करून त्यांनी मावशीकडे बोट केलं.

आजी हसली नाही की बोलली नाही. ती वाऱ्याकडे वळली, तोंड वर केलं आणि हात उंच केला.

वर खिडकीत एक हात आधीच वर होता. तो इतक्या जोरात हलत होता की मागून सिस्टर त्याला धरायला धावलेल्या दिसल्या.

"आता ऐका," मी म्हटलं. "बेघर माणसं हाकलली की आकडा पडतो आणि ओरड होते, हे मागे कळलं होतं. म्हणून या वेळी हाकलली नाहीत, बदलली. आमची पिवळी गाडी इथली माणसं नदीपलीकडे सोडून आली. तिकडची निळी गाडी तिकडची माणसं इथे सोडून गेली. म्हातारीच्या जागी म्हातारी, जोडप्याच्या जागी जोडपं. सामान जागेवरच ठेवायला लावलं, म्हणजे चित्र तेच दिसेल. मग दोन्हीकडे एकाच दिवशी गणती झाली. दोन्ही शहरांत सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, आत्ताच आलो. झालं! पात्र कुणीच नाही. ना इथे, ना तिथे."

"म्हणजे गाड्या दोन होत्या?" गादीवाला म्हणाला. "आणि ही... ती नव्हे?" तो पहिल्यांदाच वाकून आजीच्या तोंडाकडे बघत होता.

"हे गंभीर आहे," उपायुक्त साहेब शांतपणे म्हणाले. "निरीक्षक, तुमची गाडी, तुम्हीच उत्तर द्या."

"ते देतील. पण गाडी त्यांची, डोकं त्यांचं नव्हे," मी म्हटलं. "साहेब, काल तुम्ही मला म्हणालात, नदीपलीकडच्या लोकांचं ओझं आपण का वाहायचं? गणतीत प्रश्न एकच होता, किती दिवस. कुठून आलात हे कुणी विचारलंच नव्हतं. मावशीने ते मलाही सांगितलं नाही. मला ते भोंग्यावरून आणि निळ्या गाडीवरून आज कळलं. तुम्हाला कालच कसं ठाऊक होतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला वरून सांगितलं होतं," उचला पुटपुटले. "साहेबांचा फोन होता. म्हणाले, तिकडच्या साहेबांशी बोलणं झालंय."

"तुम्हाला काय वाटतं मॅडम, शहर चालवणं सोपं आहे?" साहेबांचा आवाज अजूनही चढला नव्हता. "खोल्या मोजक्या. एकदा वाटायला लागलो की बाहेरून लोंढे येतील. कुणीतरी कठोर व्हायलाच हवं."

"आलेच की लोंढे," मी म्हटलं. "तुम्हीच गाडी करून आणलेत."

मावशीने माझा कोट ओढला. "मॅडम, मला परत नेता का? कुठून आलात ते बोललात तर खोली मिळणार नाही, म्हणाले होते. माझी बहीण आहे तिकडे, आंधळी आहे. गाडीत जागा नाही म्हणाले, ती मागेच राहिली."

साहेब आपल्या गाडीकडे चालू लागले. मावशीकडे त्यांनी बघितलं नाही.

८

मावशीला त्याच दुपारी ड्रायव्हर पोचवून आला. तिची बहीण भिंतीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, म्हणे. बाकीच्यांनाही परत नेण्याआणण्याचा हुकूम निघाला. पिवळी गाडी गेली, निळी आली. कधी नव्हे ते दोन्ही पालिकांचं काम वेळेवर झालं.

अहवाल सभेतून मागे घेतला गेला. उचला साहेबांची बदली उद्यान विभागात झाली. उपायुक्त साहेब रजेवर गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली. मी विचारलं, खोल्या कधी देताय? ते म्हणाले, एक अडचण आहे. ही मंडळी मधे काही दिवस शहराबाहेर होती. आता त्यांचं राहणं 'सलग' धरायचं का, यावर कायदेशीर मत मागवलंय.

"पण बाहेर तुम्हीच नेलं होतं!"

"तेच तर. गुंतागुंतीचं आहे."

मी तिथे बरंच काही बोलले. ते लिहिण्यासारखं नाही. मत अजून आलेलं नाही.

ऑपरेशन मात्र झालं. आजोबा काठी घेऊन चालायला लागले, वॉर्डभर मिरवले, सिस्टरकडून चष्म्याला नवी काडी बसवून घेतली. इस्पितळातून सोडताना कागदावर लिहिलं होतं, घरी पूर्ण विश्रांती घ्यावी.

त्या संध्याकाळी मी कामावरून परतत होते. आता पुलापाशी गाडी हळू करायची सवयच लागलीय. दिवेलागणीची वेळ होती. खांबाच्या आडोशाला पाहिलं. म्हातारी इस्पितळाकडे पाठ करून बसली होती.

मी गाडी थांबवायला लावली, उतरून धावतच गेले.

आजीच होती. शेजारी गोधडीत गुंडाळलेले आजोबा, काठी मांडीवर आडवी ठेवून. दोघांच्या पाठी वाऱ्याकडे.

"काय झालं?" मी धापा टाकत विचारलं. "अशा का बसलात?"

आजीने माझ्याकडे, काय वेडी बाई आहे, अशा नजरेने पाहिलं.

"आता तिकडे कशाला बघू? हे इथे आहेत ना."

आजोबांनी सरकून मला पुठ्ठ्यावर जागा करून दिली. मी बसले. समोर, पाण्याच्या टाकीमागे, त्या इमारतीचे सगळे दिवे लागलेले दिसत होते. वायरिंग तपासायला रोज लावतात, आणि तपासून झालं की बंद करतात.